आत्याचा नंबर

अणदूर,
ता. ३ सप्टेंबर

हरणे,

मोठ्या बहिणीचा रामराम घे. आशीर्वाद मागनं देते, आधी राग काढू दे.

तू माझा नंबर बंद करून टाकलास. तुझ्या दाजींचाबी केलास. लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या, फोनवरनं लावला तर तू "बोल बाळा" म्हणालीस आन माझा आवाज आला की कट. म्हणून ही चिठ्ठी. चौथीपतुर शिकले त्याचा आज उपेग. अक्षर वाकडं हाय, हसू नको. पोस्टातला वीरप्पा म्हणाला, "वैनी, बाईमाणूस पाकिटाला तिकीट चिटकवायला लागलं की मला वाटतं कोर्टाचं काम हाय." म्या म्हणलं, कोर्टापरीस वाईट हाय, भैनीचं हाय.

आता काम सांगते. मार्गशीर्षात देव पालखीतनं नळदुर्गला जाईल. तवा आत्याचा नंबर तुझ्याकडं लागतो. नेणार का न्हाय? व्हय लिही न्हायतर न्हाय लिही. मदलं काय लिहू नको, मला वाचायला येळ न्हाय.

हा नंबर म्या लावला न्हाय, मामांनी लावला. अंथरुणावर हुते तवा भावाभावात कुरबूर चालली हुती, आई कुणी सांभाळायची. मामा नात्यानं सासरे असले तरी माझ्यावर लेकीवानी माया, म्हणून मलाबी बसवलं समोर. म्हणाले, "खंडोबा वरसातला बराच काळ अणदुरात राहतो, थोडा काळ नळदुर्गात. दोनी गावं त्याला आपला म्हणत्यात. देवाला जमतं तर तुमच्या आईला जमायला काय झालं? देव हितं तवर म्हातारी भागवतकडं. देव तिकडं गेला की कुमारकडं, सोलापूरला. देव परत आला की तीबी परत." झालं. तुझ्या वाटणीला दोन म्हैनंबी धड येत न्हाईत. बाकी सगळं माझ्याकडं. मी कवा बोलले का? बोलले असंल. पर रोज न्हाय.

गेल्या सालचं मला काढायचं न्हाय. तू काढशील म्हणून मीच आधी काढते. देव नळदुर्गात बसलेला, पौष पुनव अजून व्हायची, आन तू भाड्याच्या गाडीतनं आत्याला आणून दारात उतरवलीस. देवाच्या आधी! सगळी गल्ली भाईर. तू म्हणालीस, "अक्का, ही दार उघडून निघून गेली, संध्याकाळपतुर सापडंना, यष्टी स्टँडावर घावली, मला आता न्हाय झेपत." म्या म्हणलं, "माणूस झेपत न्हाय तर कुत्रं पाळ." बोलले ते बोलले. तूबी म्हणालीस, "मग ठिव तुझ्याकडंच बारा म्हैने." ठिवली. म्हणून तर हात दुखत असताना लिहिते.

तिची गत सांगते. सकाळी उठली की गठुडं बांधती. दोन लुगडी, एक चोळी, भंडाऱ्याची डबी. वसरीला बसती आन इचारती, "सोजर, आज माझा नंबर हाय का गं?" न्हाय म्हणलं की, "मग कुणाचा हाय?" जेवली का न्हाय ते इसरती, हे इसरत न्हाय. आन परवा मला तूच समजली. जवळ बोलावून हळूच म्हणती कशी, "हरणे, मला सोजरकडं नको ठिवू गं. ती लई वराडती." माझ्याच तोंडावर!

ती आपली नुसती सासू असती तर गोष्ट येगळी. आपल्या बापाची सख्खी भैन हाय. लहानपणी तुझ्या उवा तिनंच काढल्यात.

कुमारभावजीस्नी नमस्कार. आशीर्वाद ऱ्हायला हुता, घे.

सोजर


अणदूर,
ता. २६ सप्टेंबर

हरणे,

उत्तर न्हाय. वीरप्पाला इचारलं, पाकीट पोचलं का? तो म्हणाला, "पोचवायचं काम आमचं, उघडायचं न्हाय." लई शाना.

ज्ञानेश्वरीचा सासरच्या गावावरनं, ईटवरनं, फोन आला हुता. लेकरू आता मान धरतंय म्हणाली. तिला म्या आत्याचं सांगितलं, दिवसभर नंबर नंबर करती म्हणून. तर ती हसली. म्हणली, "आई, नंबर इंग्रजी शब्द हाय, म्हाईत हाय का? नंबर म्हणजे आकडा." म्या म्हणलं, गप. इंग्रजी कसा आसंल? आत्याला इंग्रजी येतं का? गिरणीत दळणाचा डबा ठिवला की नंबर लावला म्हणतो, तिथं आकडा कुणी लिहितं का? डबाच नंबर असतोय. नळाला घागर ठिवली की नंबर. कुणाची घागर मागं सरकवली की मारामारी. डोळ्याला धूसर दिसायला लागलं, नंबर आला. रान कुठलं तर अमक्या नंबरातलं. पोरगं गुणाचं निघालं, एक नंबर. त्याचा बाप चोरून दारू इकतो, दोन नंबर. तुझे दाजी मेंढरं बसवायला जात्यात तर शेतकऱ्यांचीबी रांग, आज ह्याच्या रानात कळप बसायचा, उद्या त्याच्या, त्यांचाबी नंबर. आन कुणी मेलं की म्हातारी माणसं काय म्हणत्यात? "त्याचा नंबर आधी लागला."

इंग्रजास्नी ह्यातला नुसता आकडाच ठावं असंल. बाकीचं आमी घातलंय. ज्ञानेश्वरी म्हणली, "मग तुझ्या हिशेबानं नंबर म्हणजे काय?" म्या म्हणलं, नंबर म्हणजे थांब. दुसरं काय? जिथं जिथं कुणी नंबर म्हणतं, तिथं आपुन उभं ऱ्हायचं.

तुला आठवतं का, आबा तुला 'आमची दुसऱ्या नंबरची' म्हणायचे. पावणे आले की मी पैल्या नंबरची, तू दुसऱ्या. पैलीला भागवत दिला, दुसरीला कुमार. आत्याची दोन पोरं, आबाच्या दोन पोरी, झालं गणित. आपल्याला कुणी इचारलं न्हाय. पर आत्या तवा आबाला म्हणली हुती, "दोघी माझ्याकडंच दे, दादा, म्हणजे त्या एकमेकीला सोडून जायच्या न्हाईत." बघ आता.

मागल्या सोमवारी मी सोलापूरला आले हुते. काम हुतं. खिडकीतल्या पोरीनं कागदाचा तुकडा हातात दिला आन म्हणली, "मावशी, पुकारलं की उठा." बसले. शेजारी एक कानडी बाई हुती, तिला मराठी येत न्हवतं, मला कानडी. ती माझ्याकडं बघून "नंबर?" म्हणली, म्या मान हालवली, "नंबर." तेवढंच बोलून दोन तास बसलो आमी.

मग तुमच्या गल्लीच्या तोंडाला आले. तुझं दार दिसत हुतं. दोरीवर जांभळा परकर वाळत हुता आन पावसाचं थेंब पडायला लागले हुते. मी हाक मारणार हुते. तेवढ्यात तूच भाईर आलीस, परकर ओढलास, आन आत. जाड झालीस. मी यष्टीला गेले.

आता नीट वाच. आत्याला देवाच्या आधीच न्यावं लागंल. दिवाळी झाली की लगीच. मला म्हाईत हाय मी काय बोलले हुते आन आता काय मागते. कारण इचारू नको. व्हय का न्हाय एवढंच.

सोजर


अणदूर,
ता. १५ ऑक्टोबर

हरणे,

आत्या काल हरवली. आधी सांगते, घावली. हातपाय धड हाईत. आता पुढं वाच.

कोजागरीचं लोक चालत तुळजापूरला निघालेत, तुला ठावंच हाय, कर्नाटकातनं रीघ लागती हमरस्त्यानं. हलगी वाजत हुती. आत्याला वाटलं देव निघाला. गठुडं काखंत मारलं आन त्या लोकांच्या मागं लागली. नळदुर्गाच्या वाटंला. पायात चप्पल न्हाय. एवढ्या ट्रका येत्यात जात्यात.

वीरप्पा टपाल घिऊन येत हुता, त्यानं वळखली. गाडी थांबवून म्हणला, "म्हातारे, कुठं निघाली?" तर म्हणती, "देव फुडं गेला की रं. मला कुणी उठवलं न्हाय. माझा नंबर चुकला." त्यानं तिला गाडीवर मागं बसवली, ती बसंना. परक्याच्या गाडीवर बसत न्हाय म्हणली. मग तो गाडी ढकलत ढकलत तिच्या संगं चालत आला गावापतुर. पोस्टाची पिशवी तिच्या गठुड्याशेजारी टांगून. घाम गाळत आला बिचारा, म्हणला, "वैनी, रजिस्टर टपाल हाय, सही करा."

मी हसले न्हाय. आधी आत्याचं पाय बघितलं, काटा मोडला का म्हणून.

तू इचारशील मी कुठं हुते. आत आडवी झाले हुते. दुपारची. मला कवा दुपारची आडवी बघितलीस का? बाळंतपणात तरी बघितलीस का? तर आता कारण सांगते. अंगावरनं जातंय. लई दिसापासनं. आधी वाटलं वयाचं असंल, आता बंद व्हायचं म्हणून एवढं. मग उठलं की डोळ्याफुडं अंधारी यायला लागली. सोलापुरात दाखवलं ते त्याच्यासाठी. पिशवीत गाठ हाय. पिशवी काढायची म्हणत्यात आन गाठ तपासायला पाठवायची. दिवाळीनंतरची तारीख दिलीय, चौदा नोव्हेंबर. डॉक्टरीण पोरसवदा हाय, ज्ञानेश्वरीयेवढी. म्हणली, "मावशी, घरी गेल्यावर घागर उचलायची न्हाय." म्या म्हणलं, घागर न्हाय उचलत, सासू उचलते. ती हसली. मग हसायची थांबली आन म्हणली, "तीपण न्हाय."

आत्याला धरून न्हाणीत न्यावं लागतं. गुडघं धरत न्हाईत. रातीतनं लुगडं बदलावं लागतं. ज्ञानेश्वरीचं लेकरू तान्हं, तिला ईटवरनं बोलवू कसं? तुझे दाजी दिवाळी झाली की कळप घिऊन रानोमाळ. आन घरी असले तरी काय? त्यांच्याशी बोलणं काढलं त्या दिशीचं सांगते.

"आईला हरणाकडं पाठवावं लागंल," म्या म्हणलं.

"देव हितं असताना? बाप सांगून गेलाय."

"मग मी आडवी पडल्यावर तिला कोण बघंल?"

"मी हाय की. मी पोरगा हाय तिचा."

"म्हणून तर इचारते. लुगडं नेसवता येतं का?"

भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "तू डॉक्टरला म्हण की, देव गेल्यावरची तारीख दे."

"डॉक्टरीण काय खंडोबाची पुजारीण हाय व्हय?"

ताट सारून उठले. रागानं न्हाय गं. घाबरलेत. रातच्याला दोनदा इचारलं, दुखतं का म्हणून. ह्या माणसानं मला पंचवीस सालात असं इचारलेलं न्हाय, त्यानंच मी जास्त घाबरले.

तर असं हाय. चौदाला मला जायचंय. त्याच्या आधी आत्याला नेशील का? नंबर तुझा न्हाय, मला ठावं हाय. उपकार म्हणून ने म्हणत न्हाय. तीबी तुझी आत्या हाय म्हणून म्हणते.

आन एक. तुझ्याकडनं गेली तशी माझ्याकडनंबी गेली. एवढंच. ह्याच्यावर तू काय बोलू नको.

सोजर


अणदूर,
ता. ६ नोव्हेंबर

हरणाबाई,

भाऊबीजेला तुझा फोन आला. नाव दिसलं तर मला आधी वाटलं चुकून लागला. कितीतरी म्हैन्यांनी धड आवाज ऐकला. तुझा आवाज आईसारखा झालाय, हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आता सांगायची इच्छाबी न्हाय, पर लिहिलं गेलं, खोडत न्हाय.

तू म्हणालीस, "अक्का, गाठ केवढी हाय?"

"लिंबायेवढी."

"मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"कुठल्या नंबरावर सांगू?"

तुझ्या नाकाचा आवाज येत हुता. मला वाटलं, आता म्हणंल, आण तिला, न्हायतर मी येते न्यायला. आन तू काय म्हणालीस? "आत्याला मी सोलापूरला आणणार न्हाय. हितं तिला न्हाणी घावत न्हाय, दार घावत न्हाय, अक्का, ती हितं परत..." एवढंच ऐकलं म्या आन फोन बंद केला.

तू मागनं किती येळा लावलास, म्या उचलला न्हाय. कसं वाटतं ते तुलाबी कळू दे.

भावजींनी लावला, तोबी न्हाय उचलला. ते म्हणणार, "वैनी, जरा ऐकून घ्या." ऐकून घ्यायचा नंबर सारखा माझाच का?

मी दवाखान्यात सांगून तारीख फुडं ढकलणार हाय. देव गेल्यावर बघू. तवा तरी तुझ्या दारात आत्याला सोडायचा मला हक हाय, न्हाय म्हणायला तुला तोंड न्हाय. डॉक्टरीण म्हणली हुती, उशीर करू नका. पर तिला काय, तिच्या घरी आत्या न्हाय.

आज सकाळी गिरणीत गेले हुते. डबा ठिवला आन भितीला टेकून बसले. माझा नंबर येऊन गेला, मला कळलंच न्हाय. गिरणीवाल्याची सून म्हणली, "मावशी, तुमचं कवाच दळून झालं, झोपला हुता का?" आजवर मी गिरणीत कुणाला फुडं घुसू दिलेलं न्हाय. तू तर बघितलंयस.

घरी आले तर आत्या वसरीला. "सोजर, आज कुणाचा नंबर हाय गं?"

म्या म्हणलं, "कुणाचाच न्हाय, आत्या. गप बसा."

तर हात फुडं करून माझ्या तोंडावरनं फिरवला. म्हणली, "थकलीस बाई." मला वळखून म्हणली का कुणाला समजून म्हणली, काय ठावं.

तुला सोनारीच्या भैरोबाची आण, आता फोन करू नको.

सोजर


सोलापूर,
ता. ५ डिसेंबर

हरणे,

पाकिटावर तुझं नाव घालून खाली माझ्याच घरचा पत्ता लिहिताना हात अडला. वीरप्पा हसंल. हसू दे. तू म्हणशील रोज फोन चालू हाय तर पत्र कशाला? फोनवर आपलं बोलणं सुरू झालं की भांडणावर जातं. कागदावर मला मदीच तोडता येत न्हाय. शेवटपतुर जावं लागतं.

टाके सुकलेत. काल दाखवून आले. गाठ साधी निघाली, वाईट काय न्हाय. तुला फोनवर सांगितलं तवा तू "बरं" म्हणालीस आन फोन तसाच ठिवून कुठंतरी गेलीस. चुलीवर दूध उतू गेल्याचा आवाज येत हुता. पातेलं घासलं का?

मला सारखा तो दिस आठवतो. मी दारात शेळीला पाला टाकत हुते आन बघते तर तू. हातात पिशवी, कपाळावर घाम, यष्टीतनं उतरून चालत आलेली. म्या म्हणलं, "कशाला आलीस?" तू म्हणालीस, "फोन उचलायची अक्कल न्हाय म्हणून आले. माझं अर्धं ऐकून बंद करतीस, सगळं ऐकायला काय पैसं पडत्यात? आत्या हलणार न्हाय. तिला हितलीच न्हाणी ठावं हाय. तू हल. चल, भर पिशवी, चौदाला जायचंय तुला."

तुझे दाजी खांबाला टेकून म्हणाले, "पर हरणा, नंबर तर अजून..."

"दाजी, देवाचं देव बघंल. तुम्ही मेंढराकडं बघा."

त्यांच्याशी असं बोललेलं मलाबी कवा जमलं न्हाय. आन ते गेले की खरंच मेंढराकडं! मेंढराच्या वाड्याचं फाटक लावताना हसत हुते. म्या बघितलं.

मला कुठं ठावं हुतं, नंबर असाबी फिरवता येतो. एवढी सालं आपुन म्हातारीलाच हलवत बसलो. गठुडं बांध, गाडीत घाल, उतरव. आपल्यातली एखादी हलली असती तर काय झालं असतं, हे ना मामांना सुचलं, ना पोरांना, ना मला. मी चौथी शिकलेली, सोड. तू तर सातवी हाईस, तुला आधी सुचायला काय झालं हुतं?

तुझ्या घरात पडून पडून कट्टाळा आला. भावजी चांगला सांभाळ करत्यात. भात करपवत्यात पर करत्यात. कॉलेजातल्या नोकरीवरनं आले की आधी इचारत्यात, "वैनी, गोळी?" तुझं घर म्या सगळं बघितलं. बघू नको म्हणली असतीस तरी बघितलं असतं. दाराच्या मागं मेंढराची घंटी टांगलीय. सोलापुरात मेंढरू कुठलं? म्या इचारलं, "भावजी, ही घंटी कशाला?"

"आई उठली तर वाजावी म्हणून हिनं गेल्या साली बांधली."

"वाजली न्हाय का मग?"

"वाजायची की. पर हिला झोपंत ऐकू आली न्हाय तर, म्हणून ही दारातच आडवी व्हायची. उंबऱ्यावर. आई गेली त्या दिशी ही गिरणीत दळण आणायला गेली हुती, तेवढ्या येळात गेली."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"वैनी, तुम्ही ऐकलं कुठं?"

मी बोलंना म्हणून भावजी घाबरले, रिक्षा आणू का म्हणाले.

तो उंबरा म्या बघितला, हरणे. दगडी हाय. थंडीत पौषाचं त्याच्यावर... असू दे. मला असलं लिहिता येत न्हाय.

आता घरचं ऐक. शेळीला शेंगाचं जास्त घालू नको, फुगती. मागल्या कोनाड्यात गूळ हाय तो आत्याला दावू नको, दिसला की सगळा खाती. तिला आंघूळ घालताना पाठीमागनं पाणी घालू नको, दचकती. फुडनं घाल, बोलत बोलत घाल. दळणाला जाशील तर डबा ठिवून घरी यिऊ नको, तिथंच बस, ती गिरणीवाल्याची सून आपल्या माणसाला फुडं घेती. नळाला पाणी आलं की शेजारची हंडा फुडं सारती, तिला बोल. तुला जमत न्हाय बोलायला. माझं नाव सांग.

देव गेला त्या दिशी तू फोनवर सांगितलंस ते मी परत परत आठवते. हलगी वाजली, आत्या गठुडं घिऊन उठली, आन तू तिचा हात धरून म्हणालीस, "आत्या, ह्या साली तुमचा नंबर न्हाय. आता आमचा नंबर असतोय." आन ती खाली बसली. म्हणली, "बरं झालं गं बाई. माझं गुडघं लई दुखत्यात." आन झोपली. एवढी सालं ती रोज इचारायची ते जायला न्हवं, हे आपल्याला कळलंच न्हाय. ती इचारायची, अजून किती जायचंय.

बरं. माझं ठरलंय. पुनव झाली, देव परत आला की मी येते. मग तू तुझ्या घरी. फुडच्या मार्गशीर्षात तू परत ये, मी इकडं येऊन पडते. भावजींना भात करायला शिकवते तवर. आत्या जाग्यावर. तुझ्या दाजींना हे पटलंय का ते इचारू नको, पटलेलं असंल तर ते सांगणार न्हाईत.

एक म्हणायचं हुतं. नंबर लावला की एक आली की दुसरी जाती. दळणाचंबी तसंच, पाण्याचंबी तसंच. एकीचा आला म्हणजे दुसरीचा संपला. आत्यानं दोघींना एका घरात मागून घेतलं आन आपुन तिच्यापायी पाळीपाळीनं घरात ऱ्हायला लागलो. दाराशी गाडी उभी, एक उतरती, एक चढती, तेवढ्यात काय बोलणं हुणार? भांडणच हुतं तेवढ्या येळात.

म्हणून मी आले की तू लगीच पिशवी उचलू नको. दोन-चार दिस रहा. आत्याला मदी बसवू आन दोघी बसू. भावजी खातील करपलेला भात. कुणाचा नंबर हाय ते मागनं बघू.

तुझी अक्का,
सोजर